नेटवर्कवरून क्लस्टर बसवताना मध्येच ‘नेटवर्क कार्ड सापडलं नाही’ असं का येतं?

नवं मशीन रॅकमध्ये चढवलं, केबल लावली, बटण दाबलं. मशीनने सर्व्हरकडून पत्ता घेतला, फाइली उतरवून घेतल्या, लिनक्सचा कर्नल सुरू झाला आणि पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या. मग इन्स्टॉलर अचानक थांबला. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सापडत नाही, असं तो सांगतो. ड्रायव्हर हाताने निवडा, नाहीतर ड्रायव्हर डिस्क द्या, असंही सुचवतो.

पाहणारा इथे चक्रावतो. कार्ड सापडलं नाही म्हणता, तर मग हा इन्स्टॉलर मशीनपर्यंत आला कुठून? त्याच कार्डावरून, त्याच केबलमधून तर आला!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हे कोडं कळलं की निम्मी अडचण सुटते.

थोडक्यात उत्तर

नेटवर्कवरून मशीन सुरू होताना एकच कार्ड दोन वेगवेगळे प्रोग्राम चालवतात. सुरुवातीला कार्डातलं किंवा मदरबोर्डवरचं फर्मवेअर ते चालवतं. कर्नल सुरू झाल्यावर फर्मवेअर बाजूला होतं आणि कार्ड चालवायची जबाबदारी कर्नलच्या ड्रायव्हरवर येते. तो ड्रायव्हर कर्नलबरोबर आला नसेल, तर संपर्क तिथेच तुटतो. हवा असलेला ड्रायव्हर सर्व्हरवर असला तरी उपयोग नाही, कारण सर्व्हरपर्यंत जायचा रस्ताच बंद झालेला असतो.

क्लस्टर नेटवर्कवरून का बसवतात?

क्लस्टर म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकच मोठं काम करून घेण्याची रचना. त्यातल्या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. हवामानाचे अंदाज, औषधांच्या रेणूंचा अभ्यास, पुलांच्या आणि इंजिनांच्या रचनेचं गणित अशी कामं क्लस्टरवर चालतात. पुण्यातल्या आयसर संस्थेतली ‘परम ब्रह्म’ ही यंत्रणा याच जातकुळीतली. शिवाय अनेक विद्यापीठांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत दहा-वीस मशिनांचे छोटे क्लस्टर असतात.

वीस मशिनांवर पेन ड्राइव्ह लावत फिरणं एकवेळ जमेल, दोनशे मशिनांवर नाही. शिवाय सगळ्या नोडवर तंतोतंत सारखंच सॉफ्टवेअर लागतं, आणि हाताने बसवलं की कुठेतरी फरक पडतोच. म्हणून एक मुख्य मशीन आधी तयार करतात आणि बाकीची मशिनं त्याच्याकडून नेटवर्कवरून आपोआप बसतात. रॉक्स, एक्सकॅट, वेअरवुल्फ ही या कामासाठी वापरली जाणारी काही प्रसिद्ध सॉफ्टवेअर.

एक कार्ड, दोन चालक

या पद्धतीचा पाया म्हणजे पीएक्सई. इंटेलने पुढे आणलेल्या या पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये आली. तिचा क्रम असा असतो:

१. मशीन सुरू होताच फर्मवेअर नेटवर्कवर हाक मारतं: मला पत्ता कोण देईल? डीएचसीपी सर्व्हर आयपी पत्ता देतो आणि कोणती फाइल कुठून घ्यायची तेही सांगतो.

२. टीएफटीपी या साध्या पद्धतीने एक छोटा बूटलोडर मशीनवर येतो.

३. बूटलोडर दोन मोठ्या फाइली आणतो. एक कर्नल, आणि दुसरी इनिटआरडी.

४. कर्नल सुरू होतो, इनिटआरडी मेमरीत उलगडतो आणि त्यातून इन्स्टॉलर चालू होतो.

५. इन्स्टॉलर पुन्हा नेटवर्कवर जाऊन बाकीचं सॉफ्टवेअर मागवतो.

पहिल्या तीन पायऱ्यांत कार्ड फर्मवेअर चालवतं. चौथ्या पायरीला सूत्रं कर्नलकडे जातात. पाचव्या पायरीला कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. अडचण दिसते ती पाचव्या पायरीला, पण तिचं मूळ असतं तिसऱ्या पायरीत आलेल्या इनिटआरडीमध्ये.

इनिटआरडी ही कर्नलची प्रवासाची शिदोरी समजावी. डिस्क रिकामी आहे, नेटवर्क अजून सुरू नाही, अशा वेळी कर्नलला फक्त या शिदोरीतलंच मिळतं. कार्डाचा ड्रायव्हर त्यात बांधलेला नसेल, तर वाटेत दुकान नाही.

ड्रायव्हर नसतो, कारण…

*मशीन नवं, इन्स्टॉलर जुना.* हे सर्वांत नेहमीचं कारण. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय२२५ या अडीच गिगाबिट कार्डासाठी ‘आयजीसी’ नावाचा ड्रायव्हर लागतो. तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ४.२० या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलला हे कार्ड ओळखता येत नाही. वितरकाने तो ड्रायव्हर मागाहून जुन्या कर्नलमध्ये आणून बसवला असेल, तरच येतं. रॉक्सची ७.० ही आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. ती सेंटओएस ७ वर आधारलेली आणि तिचा कर्नल ३.१० मालिकेतला. अशा क्लस्टरमध्ये आजच्या बाजारातलं मशीन जोडलं की गाडी इथेच अडते.

*ड्रायव्हर आहे, पण इनिटआरडीत नाही.* आकार लहान राहावा म्हणून इनिटआरडीत निवडकच ड्रायव्हर ठेवतात. पूर्ण बसवलेल्या प्रणालीत कार्ड छान चालतं, पण इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, असं त्यामुळे होतं.

*ड्रायव्हर आहे, पण त्याचं फर्मवेअर नाही.* काही कार्डांना ड्रायव्हरशिवाय आणखी एक फाइल लागते. ती ड्रायव्हर कार्डात भरतो आणि मगच कार्ड काम करतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या सर्व्हर कार्डांसाठीचा ‘बीएनएक्स२’ हा ड्रायव्हर याचं ठळक उदाहरण. परवान्याच्या कारणामुळे डेबियन बरीच वर्षं अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नव्हता. २०२२ मध्ये मतदान होऊन धोरण बदललं आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरसोबत येऊ लागल्या.

*कर्नल आणि ड्रायव्हर यांची जोडी जुळत नाही.* ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच कर्नलमध्ये तो चालतो. सर्व्हरवरची कर्नल फाइल बदलली आणि इनिटआरडी जुनीच राहिली, की ड्रायव्हर समोर असूनही कर्नल त्याला नाकारतो.

*सिक्युअर बूट.* ही सोय चालू असेल, तर मान्य सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेत नाही. स्वतः बांधलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत हे हटकून होतं.

आधी खात्री: दोष खरंच ड्रायव्हरचा आहे का?

इथे घाई केली की दिवस वाया जातो. लक्षण सारखं दिसतं, पण आजार निराळा असू शकतो. दोन ठिकाणी पाहिलं की बरंचसं कळतं: मुख्य मशीनवरची डीएचसीपीची नोंदवही आणि अडकलेल्या नोडचा पडदा.

नोंदवहीत नोडच्या मॅक पत्त्याची विनंती किती वेळा आली ते मोजावं. सुरळीत चाललेला नोड किमान दोनदा पत्ता मागतो. पहिल्यांदा फर्मवेअर मागतं, दुसऱ्यांदा इन्स्टॉलर.

अडकलेल्या नोडवर, रेड हॅट कुळातल्या इन्स्टॉलरमध्ये, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबल्यावर बहुधा कमांड लिहायची जागा मिळते. तिथे ‘आयपी लिंक’ ही कमांड चालवली की कर्नलला कोणती नेटवर्क कार्डं दिसतात ते कळतं. यादीत ‘एलओ’ हे नाव नेहमीच असतं. ते खरं कार्ड नव्हे, मशीनने स्वतःशीच बोलायची वाट आहे.

यावरून असा निष्कर्ष काढता येतो:

- नोंदवहीत एकही विनंती नाही. केबल, स्विच, बूटचा क्रम किंवा फर्मवेअरमधली नेटवर्क बूटची सोय तपासावी. कर्नलच्या ड्रायव्हरचा इथे संबंध नाही, कारण कर्नल अजून आलेलाच नाही.

- पहिली विनंती आहे, दुसरी नाही, आणि यादीत फक्त ‘एलओ’ आहे. ड्रायव्हर नाही किंवा तो कर्नलने नाकारला आहे. हीच या लेखातली अडचण.

- कार्ड यादीत आहे, पण चालूच होत नाही. कर्नलचे संदेश पाहावेत. फर्मवेअर फाइल मिळाली नाही, अशी तक्रार तिथे बहुधा सापडते.

- कार्ड यादीत आहे, चालू आहे, पण पत्ता मिळत नाही. ड्रायव्हर ठीक आहे. दोष स्विचकडे किंवा चुकीच्या पोर्टकडे असू शकतो.

शेवटच्या प्रकारात एक फसवं कारण वारंवार आढळतं. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री ही सुरक्षेची सोय चालू असेल, तर कार्ड जोडलं गेल्यावर स्विच तो पोर्ट लगेच उघडत नाही. जुन्या मूळ पद्धतीत १५ सेकंदांचे दोन टप्पे, म्हणजे एकूण ३० सेकंद जातात. कर्नलने कार्ड ताब्यात घेताना जोडणी क्षणभर तुटते, की ही ३० सेकंदं पुन्हा सुरू होतात. तोवर इन्स्टॉलर कंटाळून हार मानतो. नोडच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ ही सोय चालू केली की प्रश्न मिटतो.

दुसरं फसवं कारण म्हणजे एकाहून जास्त पोर्ट असलेलं मशीन. फर्मवेअरने एका पोर्टवरून सुरुवात केली आणि इन्स्टॉलर भलत्याच पोर्टवर पत्ता मागत बसला, असं होतं. पीएक्सईलिनक्स या बूटलोडरमध्ये ‘आयपीअपेंड २’ ही ओळ घातली, तर ज्या पोर्टवरून मशीन सुरू झालं त्याचा मॅक पत्ता कर्नलला कळवला जातो. इन्स्टॉलरला मग तोच पोर्ट वापरता येतो.

कार्डाची खरी ओळख कशी शोधायची?

खोक्यावरचं नाव किंवा मशीनचं मॉडेल यावर विसंबू नये. त्याच मॉडेलच्या पुढच्या खेपेत कंपनीने वेगळी चिप वापरलेली असू शकते. कर्नल नाव पाहतच नाही, तो चार-चार अंकाक्षरांच्या दोन क्रमांकांची जोडी पाहतो. पहिला क्रमांक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा चिपचा.

इंटेलचा क्रमांक ८०८६, ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी आणि मेलानॉक्सचा १५बी३. इंटेलच्या घरगुती मशिनांतल्या आय२२५-व्ही चिपची जोडी ८०८६ आणि १५एफ३ अशी आहे.

ही जोडी ‘एलएसपीसीआय’ या कमांडला ‘एनएनके’ हा पर्याय जोडला की दिसते. कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही त्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. इन्स्टॉलरच्या छोट्या जगात ही कमांड नसेल, तर ‘सिस’ फोल्डरमधल्या पीसीआय उपकरणांच्या यादीत प्रत्येक उपकरणाचे दोन्ही क्रमांक वाचता येतात.

सर्वांत सोपी युक्ती अशी: एखाद्या ताज्या लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह त्या मशीनवर चालवावा. त्यात कार्ड चाललं, तर ‘एलएसपीसीआय’ ड्रायव्हरचं नाव आयतंच सांगते. आता नेमकं काय शोधायचं ते ठरलं. ताज्या लिनक्सवरही कार्ड दिसलं नाही, तर कार्ड बिघडलेलं असण्याची किंवा बायोसमध्ये बंद असण्याची शक्यता तपासावी.

उपाय, सोप्यापासून अवघडापर्यंत

१. इन्स्टॉलर नवा घ्यावा. वितरणाची पुढची आवृत्ती वापरणं शक्य असेल, तर तोच खरा उपाय. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे त्यावरच्या क्लस्टरना आज ना उद्या हा निर्णय घ्यायचाच आहे. मात्र सर्व्हरवर कर्नल आणि इनिटआरडी या दोन्ही फाइली एकाच संचातून घेऊन बदलाव्यात. एकच बदलली की जोडी जुळत नाही.

२. ड्रायव्हर डिस्क द्यावी. रेड हॅट कुळातल्या इन्स्टॉलरना ‘इन्स्ट डॉट डीडी’ या सूचनेने वेगळा ड्रायव्हर देता येतो. ईएलरेपो हा समूह अशा तयार ड्रायव्हर डिस्क पुरवतो. पण इथे एक मेख आहे. ही डिस्क नेटवर्कवरच्या पत्त्यावर ठेवली, तर ती आणायला नेटवर्क लागेल आणि नेटवर्कसाठी ती डिस्क लागेल. म्हणून ती पेन ड्राइव्हवर ठेवावी किंवा इनिटआरडीबरोबर पाठवावी.

३. इनिटआरडीत ड्रायव्हर घालावा. नोड पुष्कळ असतील, तर हाच मार्ग व्यवहार्य. आधी नेमक्या त्याच कर्नल आवृत्तीसाठी बांधलेला ड्रायव्हर मिळवावा. मग तो इनिटआरडीत योग्य फोल्डरमध्ये ठेवून ‘डेपमॉड’ कमांड चालवावी. ही पायरी अनेकदा राहून जाते. कोणत्या क्रमांकाच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर, याची यादी ‘डेपमॉड’ बनवते. यादी ताजी नसेल, तर फाइल आत असूनही कर्नल तिला आपणहून हाक मारत नाही.

मूळ इनिटआरडी उघडून पुन्हा बांधणं नको असेल, तर ड्रायव्हरचं वेगळं छोटं पाकीट बनवून तेही बूटलोडरमार्फत पाठवता येतं. लिनक्स कर्नल अशी एकामागोमाग आलेली पाकिटं क्रमाने उलगडतो. रेड हॅट कुळात ‘एलएसइनिटआरडी’ आणि डेबियन कुळात ‘एलएसइनिटरॅमएफएस’ या कमांडने आत काय आहे ते तपासता येतं.

४. फर्मवेअर फाइल घालावी. कर्नलच्या संदेशात ज्या फाइलचं नाव येतं, नेमकी तीच घालावी. सगळा फर्मवेअर संच कोंबला, तर इनिटआरडी फुगतो. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवून पोच आल्यावरच पुढचा पाठवते. शंभर नोड एकदम सुरू केले, तर फुगलेला इनिटआरडी सगळ्यांनाच रखडवतो.

५. तात्पुरतं दुसरं कार्ड लावावं. एक-दोन मशिनांचाच प्रश्न असेल, तर जुन्या कर्नलला ओळखता येणारं कार्ड लावून काम उरकता येतं. पण ते कार्ड नेटवर्कवरून बूट होऊ शकणारं हवं.

दुसरा खड्डा: बसवून झाल्यावर

इन्स्टॉलरमध्ये ड्रायव्हर घातला, सगळं सॉफ्टवेअर उतरलं, नोड पुन्हा सुरू झाला आणि नेटवर्कवरून गायब झाला. असंही घडतं. कारण इन्स्टॉलरचा कर्नल वेगळा आणि डिस्कवर बसलेल्या प्रणालीचा कर्नल वेगळा असू शकतो. इन्स्टॉलरमध्ये घातलेला ड्रायव्हर नव्या प्रणालीत आपोआप जाईलच असं नाही.

म्हणून बसवायच्या पॅकेजांच्या यादीतही तो ड्रायव्हर घालावा लागतो. पुढे कर्नल अद्ययावत केला, की नव्या कर्नलसाठी तो पुन्हा लागतो. हे विसरलं तर एका साध्या अपडेटनंतर सगळे नोड एकदम मुके होऊ शकतात आणि प्रत्येकाला कीबोर्ड-मॉनिटर लावत फिरावं लागतं.

रॉक्ससारख्या प्रणालीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वीज अचानक जाऊन परत आली, तर तिथले नोड मूळ मांडणीप्रमाणे स्वतःला पुन्हा नव्याने बसवतात. एखाद्या नोडचा मदरबोर्ड मधल्या काळात बदललेला असेल आणि इन्स्टॉलर जुनाच असेल, तर चालू असलेला नोड वीज आल्यावर थेट या अडचणीत सापडतो.

आधीच काय करता येईल?

- खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून नेटवर्क चिपचे दोन्ही क्रमांक मागून घ्यावेत आणि आपल्या इन्स्टॉलरचा कर्नल ते ओळखतो का, ते पाहावं.
- सगळी मशिनं मागवण्याआधी एक मागवून ते नेटवर्कवरून शेवटपर्यंत बसवून पाहावं. त्यात पुन्हा सुरू करून नेटवर्क चालतं का, ही तपासणी आलीच.
- चाललेली कर्नल आणि इनिटआरडीची जोडी, आवृत्ती लिहून, बाजूला जपून ठेवावी.
- बदल आधी एका नोडवर, मग चारवर, मग सगळ्यांवर करावा.

ही अडचण क्लस्टरइतकीच जुनी

स्वस्त, बाजारात मिळणाऱ्या मशिनांपासून क्लस्टर बांधण्याची कल्पना रुजली ती १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात. थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी तिथे १६ मशिनं इथरनेटने जोडली आणि त्या क्लस्टरला बेवुल्फ नाव दिलं. हे बेकर ओळखले जातात ते लिनक्ससाठी लिहिलेल्या अनेक नेटवर्क ड्रायव्हरसाठी. मशिनं बाजारात मिळत होती, पण लिनक्सवर त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारे ड्रायव्हर कुणीतरी लिहावे लागणार होते.

आज ते ड्रायव्हर बहुतेक वेळा आयते मिळतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की ते वेळेवर योग्य जागी आहेत का. इन्स्टॉलर अडकला, तर म्हणून ‘ड्रायव्हर आहे का’ एवढं विचारून थांबू नये. ‘या क्षणी कार्ड कोण चालवतंय, आणि त्याच्या शिदोरीत काय आहे’ हे विचारावं. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.